लगाम हातात, तोल कमरेत : घोड्यावरची स्वतंत्र मांड

खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावरून धावणाऱ्या एस.टी.त उभे असलेले प्रवासी आणि त्याच गर्दीतून तिकिटे देत पुढे सरकणारा वाहक यांच्यातला फरक आपण सर्वांनी पाहिलेला असतो. प्रवासी वरची दांडी घट्ट धरून उभा असतो, आणि चालकाने ब्रेक दाबला की त्याच्या देहाचा सगळा भार त्या दांडीवर येतो. वाहकाच्या एका हातात तिकिटाचे यंत्र आणि दुसऱ्या हातात सुटे पैसे असतात. गुडघे किंचित वाकवून, वळणावर कंबर मोकळी सोडून आणि अगदीच गरज पडली तर एखाद्या आसनाला ढुंगण टेकवून तो आपला तोल राखतो, आणि त्याचे हात मात्र त्यांचे काम करत राहतात. घोड्यावर नव्याने बसलेला माणूस हा उभ्या प्रवाशासारखा असतो, आणि त्याने धरलेली दांडी म्हणजे लगाम असतो. फरक इतकाच की एस.टी.ची दांडी लोखंडी छताला जोडलेली असते आणि लगामाचे दुसरे टोक एका जिवंत जनावराच्या तोंडात असते.

स्वाराचा तोल जेव्हा लगामावर, गुडघ्यांच्या पकडीवर किंवा रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, रोवलेल्या पावलांवर अवलंबून राहत नाही, आणि त्यामुळे त्याचे हात व पाय एकमेकांपासून सुटे होऊन घोड्याला सूचना देण्यास मोकळे होतात, तेव्हा त्या बैठकीला स्वतंत्र मांड म्हणता येईल. ‘मांड’ हा आपल्या भाषेतला जुना आणि नेमका शब्द आहे. मांड ठोकणे, मांड पक्की असणे, मांड ढिली होणे हे सगळे वाक्प्रयोग घोड्याच्या पाठीवरूनच आले आहेत. मात्र या शब्दात मांडी दडलेली असल्यामुळे एक गैरसमजही त्याच्या सोबत चालत आला आहे, तो म्हणजे मांडीने घोडा जितका आवळून धरावा तितकी मांड पक्की. मराठवाड्यातील खेड्यांत ज्यांच्या घरी तट्टू असते त्यांची मुले आठव्या-नवव्या वर्षी बिनखोगिराच्या पाठीवर बसून ओढ्यापर्यंत जाऊन येतात, सहसा पडत नाहीत, आणि लोक कौतुकाने म्हणतात की पोराची मांड पक्की आहे. ते खोटे नाही. परंतु न पडणे आणि स्वतंत्रपणे बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली साधलेल्या अनेकांना दुसरीची गरज आहे हे आयुष्यभर कळत नाही.

आपल्या पूर्वजांना ती गरज ठाऊक असावी, कारण त्यांच्या कामाने ती त्यांच्यावर लादली होती. मराठा स्वाराच्या एका हातात भाला असे, निजामाच्या हद्दीत हिंगोली आणि औरंगाबाद येथे छावणी करून राहिलेल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेच्या, स्वारांच्या हातीही भाला किंवा तलवार असे, आणि लढाईत लगाम धरलेल्या उरलेल्या एका हाताने तोल सांभाळू पाहणारा स्वार फार काळ टिकणे शक्य नव्हते. आजही भरधाव घोड्यावरून वाकून जमिनीतला खुंट भाल्याच्या टोकाने उचलण्याचा जो खेळ भारतीय घोडदळात खेळला जातो, त्यात स्वाराचा देह बाजूला झुकतो, एक हात जमिनीच्या दिशेने जातो आणि तरीही लगामाचा हात घोड्याच्या तोंडाला झटका देत नाही. स्वतंत्र मांडीची याहून उघड परीक्षा क्वचितच पाहायला मिळेल.

लगामावर तोल सांभाळण्यात एवढे वाईट काय आहे, हे समजण्यासाठी घोड्याच्या तोंडाची रचना पाहावी लागते. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक बिनदातांचा पट्टा असतो, आणि कडियाळ म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग तेथे, जिभेवर आणि त्या हिरडीवर टेकतो. तेथील हाडावर पातळ त्वचेखेरीज दुसरे काही आच्छादन नसते. आपल्या नडगीवर खाटेचा माचा आपटला की जे होते, त्यावरून याची कल्पना करावी. स्वार उसळला आणि त्याने लगामाला ओढून स्वतःला सावरले की ती सगळी ओढ या जागेवर येते. घोडा वेदना टाळण्यासाठी मान वर करतो, तोंड उघडतो, आणि मान वर गेली की त्याची पाठ खाली खचून ताठ होते. ताठ झालेली पाठ स्वाराला आधीपेक्षा अधिक उसळवते, म्हणून स्वार आधीपेक्षा अधिक ओढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की घोडा ‘तोंडाचा कडक’ ठरतो, मालक अधिक जहाल कडियाळ आणतो, आणि काही ठिकाणी तर काटेरी कडियाळ आणले जाते. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांनी काटेरी कडियाळाला बंदी घातलेली आहे. तरीही वरातीच्या घोड्यांच्या तोंडात ते आजही दिसते. माझ्या मते घोड्याच्या कडक तोंडाच्या बहुतेक तक्रारी या मुळात स्वाराच्या कच्च्या मांडीच्या तक्रारी असतात.

येथपर्यंत ऐकून शिकाऊ स्वार निष्कर्ष काढतो की हात अगदी स्थिर ठेवले म्हणजे झाले, आणि तो कोपरे बरगड्यांना चिकटवून मुठी पोटाजवळ गोठवून ठेवतो. हा या विषयातला सर्वांत सूक्ष्म भाग आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. साध्या चालीत घोड्याची चारही पावले एकामागोमाग एक पडतात आणि एका पूर्ण आवर्तनात त्याची मान दोनदा पुढे-मागे डोलते. म्हणून या चालीत हातांनी मानेबरोबर पुढे जायचे असते आणि परत यायचे असते, नाहीतर प्रत्येक पावलाला लगाम तोंडाला अडवतो. दुडकीत पायांच्या कर्णरेषेतील जोड्या, म्हणजे पुढचा डावा व मागचा उजवा आणि नंतर पुढचा उजवा व मागचा डावा, एकत्र पडतात, दोन ठोक्यांच्या मध्ये घोडा क्षणभर हवेत असतो, आणि त्याची मान जवळजवळ स्थिर असते, पण स्वाराचे अंग मात्र वर-खाली होत असते. म्हणजे हात स्थिर ठेवायचे ते घोड्याच्या मानेच्या हिशेबाने. स्वाराच्या खांद्यांच्या हिशेबाने पाहिले तर ते सतत हलत असले पाहिजेत, आणि हे साधण्यासाठी कोपर बिजागरीसारखे उघडत आणि मिटत राहावे लागते. कँटरमध्ये, जिला आपल्याकडे सरसकट दौड म्हणतात, तीन ठोके पडतात आणि प्रत्येक आवर्तनात मान पुन्हा एकदा डोलते. तात्पर्याने, अंगाला बांधलेला हात प्रत्येक चालीत चुकतो, आणि अंगापासून सुटलेला हात प्रत्येक चालीत घोड्याच्या मानेशी जुळवून घेऊ शकतो. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा खरा अर्थ हा आहे.

मग अंगाचे उसळणे जिरवायचे कोठे? डोक्यावर भरलेला हंडा आणि त्यावर कळशी घेऊन शेताच्या बांधावरून चालणारी बाई पाहिली की याचे उत्तर मिळते. तिचे पाय ढेकळांवर, उतारावर, दगडावर पडत असतात, पण डोक्यावरचे पाणी सांडत नाही, कारण जमिनीचे सगळे धक्के घोटा, गुडघा आणि कंबर यांत विरून जातात आणि मान ताठ न होता सरळ राहते. घोड्यावर हेच काम मुख्यतः कंबरेच्या हाडांनी, म्हणजे ओटीपोटाच्या कटोरीसारख्या सांगाड्याने करायचे असते. लाकडी पाटावर बसून दोन्ही तळहात बुडाखाली घातले तर दोन टोकदार हाडे हाताला लागतात. ती बैठकीची हाडे. त्या दोन्हींवर सारखा भार घेऊन बसणे हा मांडीचा पाया आहे. साध्या चालीत घोड्याचा मागचा डावा पाय पुढे येण्यासाठी उचलला गेला की पाठीची डावी बाजू किंचित खाली जाते आणि त्याबरोबर स्वाराचे डावे बैठकीचे हाड खाली जाते; नंतर उजव्या बाजूला तसेच घडते. दुसऱ्या कोणी घोडा धरून चालवत असताना डोळे मिटून ‘डावा, उजवा, डावा, उजवा’ असे मोठ्याने म्हणत राहावे आणि बाजूने चालणाऱ्याने ते बरोबर आहे की नाही सांगावे, एवढा साधा सराव आठवडाभर केला तरी कंबर ऐकू लागते. जेवायला मांडी घालून बसणाऱ्या आणि उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या माणसांचे खुबे मुळातच मोकळे असतात, त्यामुळे त्यांना हे शहरात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांपेक्षा लवकर साधते असे मी पाहिले आहे.

गुडघ्याच्या पकडीबद्दल आता सांगितले पाहिजे, कारण मलाही सुरुवातीची काही वर्षे एवढेच शिकवले गेले होते की गुडघे आवळ. एका नातेवाइकाच्या घोडीवर, ज्वारी काढलेल्या रानात, गुडघ्यांची आतली कातडी सोलवटेपर्यंत मी ते केले, आणि घोडी दुडकीत आली की तरीही खोगिरावरून वीतभर उडत राहिलो. कारण समजायला फार उशीर लागला. भिजलेला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो सटकून वर उडतो. गोल पाठीवर दोन्ही बाजूंनी गुडघे दाबले की स्वाराचे नेमके तेच होते, तो वर ढकलला जातो. त्याशिवाय गुडघा घट्ट बसला की तो खिळ्यासारखा होतो, पोटरी मागे झुलू लागते, धड पुढे कलते आणि घोडा अचानक थांबला तर स्वार त्या खिळ्याभोवती फिरून मानेवर जातो. मांड्या खालच्या बाजूला लांब सुटल्या, पोटरी घोड्याच्या बरगडीला ओल्या कापडासारखी लगटून राहिली आणि टाच आपल्याच वजनाने खाली गेली, की आवळण्याची गरजच उरत नाही. टाच जोर लावून खाली दाबणे हीदेखील एक पकडच आहे; त्याने घोटा ताठतो आणि धक्के जिरवणारा एक सांधा वाया जातो.

बसण्याची रेषा बाजूने पाहून तपासतात: कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत असावेत. खालून घोडा अचानक नाहीसा झाला तर स्वार दोन पायांवर उभा राहायला हवा; खुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे टाकलेले असतील तर तो पाठीवर पडेल. ग्रीक सेनानी झेनोफॉन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले आहे की स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये, तर पाय फाकवून उभे राहिल्यासारखे बसावे. त्याच्या काळी ग्रीकांना रिकीब माहीत नव्हती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आता ही मांड घडवायची कशी, याकडे वळू. जगभर यासाठी जी पद्धत सर्वांत विश्वासाची मानली जाते तिला मराठीत जुने नाव आहे: कावा. घोड्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवणे म्हणजे कावा देणे, आणि ‘गनिमी कावा’तला कावा घोड्याच्या याच फिरवण्याशी नाते सांगतो. कावा देताना घोड्याची गती आणि दिशा यांची जबाबदारी मध्यभागी उभ्या असलेल्या शिकवणाऱ्याकडे असते, त्यामुळे पाठीवरच्या माणसाला लगामाची गरजच पडत नाही. लगामाला गाठ मारून तो मानेवर ठेवून द्यायचा आणि स्वाराने फक्त बसायला शिकायचे. ज्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचा उल्लेख १५७२ पासून सापडतो त्या व्हिएन्नातील संस्थेत नव्या शिकाऊ स्वारांना सुरुवातीचे कित्येक महिने लगाम आणि रिकीब यांच्याविना दोरीवरच बसवतात. आपल्याकडे पहिल्याच दिवशी लगाम हातात देऊन ‘चल’ म्हणण्याची जी घाई असते तिच्याशी हे ताडून पाहावे.

जागेची निवड घाईने करू नये. खळ्याएवढे वर्तुळ पुरत नाही. इतक्या आखूड फेऱ्यांत घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो आणि स्वारही बाहेर फेकला जातो, म्हणून सुमारे २० मीटर व्यासाचे वर्तुळ हवे. मराठवाड्यातील काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुततात आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात खूर अडकण्याचा धोका असतो. मुरमाड जमीन पायाला कठीण लागते. रब्बीची पिके निघाल्यावर वखरलेले, ढेकळे फुटलेले सपाट रान, किंवा गोदावरीच्या काठची फार खोल नसलेली वाळू, ही त्यातल्या त्यात चांगली जागा. वैशाखात सकाळी साताच्या पुढे हा उद्योग करू नये, घोड्यासाठीही आणि माणसासाठीही.

कावा सुरू झाल्यावर आधी रिकिबी ठेवूनच साध्या चालीत एक हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर ठेवावा आणि दुसरा बाजूला आडवा पसरावा, मग हात बदलावा, मग दोन्ही पसरावेत. खांदे गोल फिरवणे, एका हाताने विरुद्ध पायाचा अंगठा शिवणे, धड डावी-उजवीकडे वळवून घोड्याच्या शेपटीकडे पाहणे, हे सगळे करत असताना पाय आणि कंबर जागेवर राहतात का एवढेच पाहायचे असते. हात हलला की पोटरीही हलते, असे जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचे होते. शरीराचे हे भाग एकमेकांना अजून बांधलेले आहेत असा त्याचा अर्थ. श्वास रोखला की कंबर लगेच ताठते, म्हणून व्यायाम करताना मोठ्याने आकडे मोजायला किंवा गप्पा मारायला लावणे ही शिकवणाऱ्यांची जुनी युक्ती आहे आणि ती लागू पडते. घोड्याच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा बांधून ठेवावा, आणि तोल गेला की लगामाऐवजी तो धरावा.

रिकिबी काढून बसण्याचा सराव या नंतरचा. त्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे: तो गुणकारी आहे, पण अति झाला की उलटा परिणाम करतो, कारण थकलेला स्वार भीतीने पुन्हा आवळू लागतो आणि नेमकी जी सवय मोडायची तीच पक्की होते. एका वेळी पाच-सात मिनिटे दुडकी, मग चाल, मग विश्रांती, एवढे पुरे. बिनखोगिराच्या पाठीवर बसल्याने घोड्याची हालचाल स्पष्ट कळते हे खरे, परंतु स्वाराची दोन बैठकीची हाडे घोड्याच्या कण्याशेजारच्या स्नायूंवर थेट रुततात, त्यामुळे तेथेही वेळ थोडाच ठेवावा.

रहवाल चालीच्या घोड्यांची येथे वेगळी नोंद केली पाहिजे. मारवाडी, काठियावाडी रक्ताच्या काही घोड्यांना ही चाल जन्मजात असते, एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास बरोबरीने पुढे पडतात आणि स्वाराला उसळी जवळजवळ लागतच नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरणाऱ्या बाजारासारख्या ठिकाणी अशा घोड्याला मोठा मान असतो, कारण त्यावर पाण्याचा पेला हातात धरून बसता येते. प्रवासाला ती चाल उत्तम आहे. शिकण्यासाठी मात्र ती फसवी आहे. फक्त रहवालीवर शिकलेल्या माणसाला आपली मांड स्वतंत्र आहे असे वाटत राहते, आणि दुडकीचा घोडा मिळाला की पहिल्या दहा पावलांत त्याचे हात लगामाला लटकतात.

आपले शरीर दोन्ही बाजूंनी सारखे नसते, ही अडचण उशिरा लक्षात येते. वर्षानुवर्षे एकाच हाताने विळा, कोयता किंवा पेन चालवलेल्या माणसाचा एक खांदा खाली असतो आणि त्या बाजूची कंबर मिटलेली असते. असा स्वार सरळ जाताना घोडा एकाच बाजूला ओढतो अशी तक्रार करतो. एक रिकीब नेहमी लांब वाटत असेल, तर रिकिबीचा चामडी पट्टा मोजण्याआधी मागून कोणाला तरी खोगिराची मध्यरेषा आणि पाठीचा कणा जुळतात का ते पाहायला सांगावे.

घोड्याची बाजूही हिशेबात धरावी लागते. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा अधिक भार नसावा असा एक संकेत पाळला जातो; २५० किलोच्या तट्टावर त्याप्रमाणे खोगिरासह ५० किलोच भार येतो, म्हणजे मोठ्या माणसाने शिकण्यासाठी तट्टू निवडू नये. डोक्याला हेल्मेट असल्याशिवाय यातला कोणताही सराव करू नये, फेटा कितीही शोभून दिसत असला तरी.

स्वतंत्र मांड म्हणजे नेहमी ताठ उभे बसणेच, असे मात्र नाही. इटालियन घोडदळातील अधिकारी फेडेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याच्या आधी घोड्याने अडथळ्यावरून उडी मारताना स्वार मागे रेलून लगामाला लटकत असत. काप्रिल्लीने रिकिबी आखूड केल्या, स्वाराला खोगिरावरून किंचित उचलून पुढे नेले आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ दिले. रूप बदलले, पण अट तीच राहिली: तोल पायांत आणि कंबरेत, हात मोकळे.

मांड किती स्वतंत्र झाली हे तपासायला मोठ्या परीक्षेची गरज नसते. घोडा ठरावीक लयीत दुडकीवर वर्तुळात चालत असताना दोन्ही हात त्याच्या मानेवरून कानांच्या दिशेने वीतभर पुढे सरकवावेत, लगाम ढिला पडू द्यावा आणि चार-पाच पावलांनंतर परत घ्यावेत. स्वार पुढे कलला, घोडा पळू लागला किंवा गडबडून थांबला, तर आपण अजून दांडी धरूनच उभे होतो हे उघड होते. आणि काही महिन्यांच्या सरावानंतर एखाद्या सकाळी असे होते की हात पुढे जातात, लय तशीच राहते, घोडी मान खाली लांबवते, एक कान मागे वळवते आणि नाकातून लांब फुर्रकन श्वास सोडते.